नाणेघाट: एका घाटवाटेवरचे शाळेचे विषय

कल्याणहून माळशेजच्या दिशेने निघालं की मुरबाड मागे टाकल्यावर वैशाखरे गाव लागतं. तिथून पुढे हमरस्ता सोडून झाडीत शिरणारी जुनी पायवाट नाणेघाट चढते आणि जुन्नर तालुक्यातल्या घाटघरच्या पठारावर पोचते. अंतर चार-पाच किलोमीटर, चढ साधारण सहाशे मीटरचा. सातवाहनांच्या काळापासून, म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ, ही वाट वापरात आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई.

डोंगरात नेऊन मुलांना शाळेचे विषय शिकवता येतात का, असं कुणी विचारलं की मला ही वाट आठवते. समोच्च रेषा, बेसॉल्ट, प्रतिरोध पर्जन्य, त्रिकोणमिती, ब्राह्मी अंक, हवेचा रोध या गोष्टी पाचवी ते दहावीच्या वेगवेगळ्या पुस्तकांत विखुरलेल्या आहेत. इथे त्या एका दिवसाच्या चालीत भेटतात. मात्र आपोआप कळत नाहीत. डोंगर चढून आलं म्हणजे मूल भूगोल शिकून आलं, असं धरून चालल्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी सहली नुसत्या फिरण्यात संपतात.

वर्गात क्रम ठरलेला असतो: आधी व्याख्या, मग उदाहरण, शेवटी प्रश्न. डोंगरात हा क्रम उलटवावा लागतो. मुलाला आधी काहीतरी दिसलं पाहिजे आणि त्याचं नवल वाटलं पाहिजे. मग त्याने ते मोजावं, अंदाज बांधावा, तो पडताळावा. एवढं झाल्यावर त्या गोष्टीचं नाव आणि सूत्र सांगायचं. शिक्षकाला यातला सगळ्यात जड जाणारा भाग म्हणजे उत्तर ठाऊक असून गप्प राहणं. आपण बोलायला सुरुवात केली की मुलं वहीत लिहायला लागतात आणि समोरचा कडा बघायचा राहून जातो.

दुसरं पथ्य एका फेरीत एकच विषय, फार तर दोन, हे आहे. पुढे मी बरंच काही सांगणार आहे, पण ते सगळं एका दिवसात कोंबायचं नाही. तीच वाट त्याच मुलांबरोबर वर्षातून दोनदा, वेगवेगळ्या ऋतूंत चालणं हे दोन नवे किल्ले पाहण्यापेक्षा जास्त शिकवतं, असं माझं ठाम मत आहे.

निघण्याआधीचा नकाशा

सुरुवात वर्गातच होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, ज्याला ट्रेकर मंडळी टोपोशीट म्हणतात, टेबलावर पसरायचा. या प्रमाणात नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला एक. म्हणजे सहाशे मीटरच्या चढात पायवाट सुमारे ३० रेषा ओलांडणार. मुलांना त्या मोजू द्याव्यात आणि एकच प्रश्न विचारावा: आपल्याला सगळ्यात जास्त दम कुठे लागेल? जिथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे बोट जायला वेळ लागत नाही. ती जागा पेन्सिलीने खुणेने दाखवून ठेवायची. चढताना दम खरंच कुठे लागला हे प्रत्येकाने त्याच नकाशावर दुसऱ्या रंगाने लिहायचं. समोच्च रेषा शिकवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

वेळेचं गणितही इथेच. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो आजही जगभर वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. नकाशावर दोरा ठेवून वाट मोजली आणि ती साडेचार किलोमीटर भरली, तर चालण्याचे ५४ मिनिटं, चढाचा एक तास, म्हणजे दोन तासांना सहा मिनिटं कमी. शाळेचा गट याहून बराच जास्त वेळ घेतो, आणि गणित तिथूनच रंगायला लागतं. दर अर्ध्या तासाला किती उंची गाठली ते लिहायचं, परत आल्यावर आलेख काढायचा आणि आपल्या वर्गाचा नियम स्वतः बसवायचा. पाच किलोमीटरच्या जागी तीन ठेवावेत की सहाशे मीटरच्या जागी चारशे, यावर सातवीची मुलं तावातावाने भांडतात. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा त्यांच्या नकळत होऊन जातो.

नववी-दहावीच्या मुलांकडे कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधायला एक नट असावा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून डोंगराचं टोक बघायचं, दोरा जिथे लोंबतो तिथला आकडा ९० पासून किती दूर आहे ते पाहायचं, की उन्नत कोन मिळाला. पायथ्याच्या सपाटीवरून ‘नानाचा अंगठा’ हा कडा छान दिसतो. समजा एका जागेवरून कोन ३० अंश आला आणि कड्याच्या दिशेने सरळ पुढे जाऊन तो ४५ अंश झाला. दोन जागांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. कड्याची आपल्या डोळ्यापासूनची उंची त्या अंतराच्या १.३७ पट. दहावीच्या पुस्तकात हे उदाहरण दीपगृहाचं किंवा इमारतीचं असतं आणि उत्तर अचूक येतं. इथे पाच जणांची पाच उत्तरं येतात. ४५ अंशाच्या कोनात एका अंशाची चूक झाली तर उंचीत सुमारे पाच टक्क्यांचा फरक पडतो, हे मुलांना त्या पाच उत्तरांवरून समजतं. मोजमाप म्हणजे आकडा अधिक त्यातली संभाव्य चूक, ही विज्ञानातली मूलभूत गोष्ट आपल्याकडे अकरावीला जाईपर्यंत कुणी सांगत नाही.

साडेसहा कोटी वर्षांची चाल

सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. ते उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉर संपले त्याच सुमाराचे. या लाव्हाने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. ‘६.६ कोटी’ हा आकडा मुलं पाठ करतात, पण त्याचा आवाका मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. तो पायांना कळवता येतो.

वाट पाच किलोमीटरची धरायची. सुरुवातीचं पाऊल म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ आणि गुहेचं दार म्हणजे आज. भागाकार मुलांनीच करायचा: एक मीटर म्हणजे १३,२०० वर्षं. लहान मुलाचं अर्ध्या मीटरचं एक पाऊल म्हणजे साडेसहा हजार वर्षं. आता चालायला लागायचं. सव्वा किलोमीटर झालं की थांबून सांगायचं, साधारण इथे भारताचं भूखंड आशियाला धडकलं आणि हिमालय उचलला जायला लागला. मग बराच वेळ सांगण्यासारखं काहीच नाही. मुलं विचारत राहतात, “माणूस कधी येणार?” घाम येतो, पाणी संपत येतं, दोन तास उलटतात, तरी माणूस येत नाही.

गुहेच्या २३ मीटर अलीकडे दोरी लावायची. आपल्यासारखा माणूस, होमो सेपियन्स, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचा. तो इथे येतो. शेती दहा हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे दारापासून ७६ सेंटिमीटरवर. गुहेतला शिलालेख दोन हजार वर्षांचा: १५ सेंटिमीटर. आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १६७४? पट्टीवर अडीच सेंटिमीटर, अंगठ्याच्या पेराएवढा. इथे मुलं खाली बसून पट्टीकडे आणि मग आलेल्या वाटेकडे बघतात. त्या क्षणी कुणी भाषण करू नये.

चढताना खडकाकडेही बघत जायचं. समोरच्या जीवधन किल्ल्याच्या कातळभिंतीवर आडवे पट्टे दिसतात. कठीण, घट्ट थराचा उभा कडा होतो, सच्छिद्र आणि मऊ थर झिजून उतार होतो आणि त्यावर झाडी वाढते. कडा-उतार-कडा-उतार अशा पायऱ्या म्हणूनच पडतात. लाव्हा वाहताना त्यातले वायूचे बुडबुडे वर येतात आणि थराच्या माथ्याजवळ अडकून थिजतात. म्हणून बारीक भोकांचा खडक दिसला की तो एखाद्या प्रवाहाचा वरचा भाग असण्याची शक्यता मोठी. काही भोकांत नंतर पांढरे खनिज भरलेले असतात. झिओलाइट आणि क्वार्ट्‌झ ही त्यांतली नेहमीची. सह्याद्रीत कुठे कुठे दोन थरांच्या मधे तांबूस मातीचा पट्टा सापडतो, आणि तो फार बोलका असतो. एक उद्रेक थांबला, खडक झिजून माती तयार होण्याएवढा काळ गेला, मग पुढचा लाव्हा त्या मातीवरून वाहत आला. पट्टा दाखवून मुलांना एवढंच विचारावं की ही माती इथे मधेच कशी आली. उत्तर कुणीतरी देतंच, थोडा धीर धरावा लागतो.

खडक फोडून नमुने गोळा करायचे नाहीत. चित्र काढायचं. चित्र काढताना डोळा जेवढा टिपतो तेवढा फोटो काढताना टिपत नाही.

तापमान उतरतं, की चढतं?

पुस्तकात लिहिलेलं असतं की उंची एक किलोमीटरने वाढली की तापमान सरासरी ६.५ अंशांनी घटतं. या हिशोबाने घाटाच्या माथ्यावर पायथ्यापेक्षा चार अंश कमी असायला हवेत. मुलांच्या हाती तापमापी देऊन सकाळी सातला पायथ्याशी आणि दहाला माथ्यावर मोजायला सांगा. बहुतेक वेळा माथ्यावर तापमान जास्त भरतं! पुस्तक चुकलं का?

हा प्रश्न मुलांकडे सोडून द्यावा. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, सकाळचे दहा वाजलेत, ऊन वाढलंय. म्हणजे आपण चढत असताना दोन गोष्टी बदलल्या, उंची आणि वेळ. एकीचा परिणाम दुसरीपासून वेगळा कसा काढायचा? उपायही मुलंच सुचवतात: खाली एक तापमापी ठेवायची आणि कुणीतरी ठरलेल्या वेळी तिचा आकडा लिहून ठेवायचा. पुढच्या खेपेस पायथ्याच्या गावातल्या कुणाला विनंती करून ते करता येतं. दोन्ही तापमापी आधी शेजारी शेजारी ठेवून सारख्या दाखवतात का, तेही पाहायचं. दोन्हीकडे सावली हवी, जमिनीपासूनची उंची सारखी हवी. एवढं सांभाळल्यावरही उत्तर चार अंश येईल असं नाही. ढगाळ, दमट दिवशी फरक कमी पडतो. कारण वर जाणाऱ्या हवेतल्या बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि हवा तेवढी थंड होत नाही.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हे वाक्य विज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असतं. ज्या मुलाला स्वतःच्या हाताने मोजलेल्या आकड्याने फसवलं आहे, त्याला ते वाक्य पुन्हा सांगावं लागत नाही.

गुहेतले आकडे

घाटाच्या वरच्या टोकाशी, दोन कड्यांमधली नळी अरुंद होते तिथे, कातळात कोरलेली गुहा आहे. शेजारी पाण्याची टाकी. गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा शिलालेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दानं यांची त्यात यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, चांदीची भांडी आणि कार्षापण नावाची नाणी. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ च्या उन्हाळ्यात इथे भटकताना हा लेख पाहिला आणि त्याची नोंद केली. त्यातली काही चिन्हं अक्षरं नसून आकडे आहेत, हे पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी ओळखलं.

भारतातल्या सर्वात जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत या शिलालेखाची गणना होते. गणिताच्या शिक्षकाने मुलांना इथे आणावं ते यासाठी. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. भरभर लिहिताना त्या दोन रेघा जोडल्या गेल्या आणि आपला २ हळूहळू घडला. सतरा लिहायचे तर दहाचं चिन्ह आणि त्याच्यापुढे सातचं. दहाचं चिन्ह वेगळं, वीसचं वेगळं, ऐंशीचं वेगळं. शिलालेखात २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. ती संख्या वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा चिन्हांची बेरीज म्हणून लिहिली जाते. शून्य नाही. अंकाची जागा बदलली की किंमत बदलते, हेही नाही.

मुलांना गुहेबाहेर बसवून या पद्धतीने आपापला हजेरी क्रमांक लिहायला सांगावा. चिन्हं त्यांनी स्वतःची बनवावीत: एक ते नऊसाठी नऊ, दहा ते नव्वदसाठी आणखी नऊ, मग शंभर आणि हजार. लिहिणं जमतं. मग उभी मांडणी करून गुणाकार द्यायचा, ३६ गुणिले २४. दोन मिनिटांत सगळे अडकतात. हातचा कुठे न्यायचा? कशाखाली काय मांडायचं? स्थानिक किंमत हा तिसरीत शिकवला जाणारा धडा आपल्याला इतका सवयीचा असतो की तो कुणीतरी लावलेला शोध आहे हे जाणवतच नाही. त्या शोधाआधीच्या भिंतीसमोर बसून गुणाकार करू पाहणाऱ्या मुलाला तो जाणवतो.

इतिहासाच्या शिक्षकासाठी या गुहेत वेगळं काम आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आज पावलांचे अवशेष उरलेत आणि वर नावं. सिमुक, नागनिका, सातकर्णी यांच्या नावांवरून इथे कोण होतं ते कळतं. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं सगळे सांगतात. शिलालेख मात्र यज्ञ आणि दानांबद्दल बोलतो. लोकांच्या तोंडची गोष्ट आणि कोरलेला मजकूर यांत कशाला पुरावा म्हणायचं, आणि पुरावा नसलेली गोष्ट सरळ फेकून द्यायची की जपून वेगळी ठेवायची? आठवीच्या मुलांशी यावर फार चांगली चर्चा होते. शिलालेखात कोण नाही, हेही विचारावं. पायऱ्या घडवणारे, बैलांवर ओझी लादणारे, टाकं खोदणारे यांची नावं कुठेच नाहीत. वर जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि तिथल्या दानलेखांत यवन दात्यांचीही नावं आहेत. समुद्रापलीकडचे लोक इथपर्यंत का आले असतील, याचं उत्तर ज्या वाटेने मुलं चढून आली त्या वाटेतच आहे.

घाटमाथ्याच्या कडेवर

माथ्यावर पोचल्यावर, कड्यापासून चांगलं आत उभं राहून, मुलांना पाण्याचा प्रवास विचारायचा. कोकणाच्या बाजूला पडलेला पावसाचा थेंब उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळतो. हातभर अलीकडे, घाटघरच्या बाजूला पडलेला थेंब कुकडीत जातो, तिथून घोडमध्ये, मग भीमेत, मग कृष्णेत, आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. ‘जलविभाजक’ हा शब्द इथे सांगावा, त्याआधी नाही. परतीचा प्रवास जुन्नर-नारायणगावकडून असेल तर खिडकीतून पिकं लिहीत जायची. घाटघरला भात, पूर्वेकडे सरकलं की बाजरी, कांदा. डोंगर चढताना ढग पाऊस ओततात आणि पलीकडे कोरडे होत जातात, हे पिकांच्या त्या यादीत उतरतं.

पावसाळ्यात याच कड्यावर उलटा धबधबा दिसतो: खाली पडणारं पाणी वाऱ्याने परत वर फेकलं जातं. इथे भौतिकशास्त्र आहे. समुद्राकडून येणारा वारा या भिंतीवर आदळतो, घळीत कोंडला जातो आणि वर उसळतो. पाण्याची धार हवेत फुटून थेंब होतात. थेंब जेवढा लहान तेवढं त्याचं वजन त्याच्या पृष्ठभागाच्या मानाने कमी. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो, पाच मिलिमीटरचा सुमारे ९ मीटर वेगाने. वर येणारा वारा याहून वेगवान असला की थेंबाला खाली जायला वावच उरत नाही. मात्र पावसाळी शनिवार-रविवारी इथे तुडुंब गर्दी असते, कडा निसरडा असतो आणि ढकलणारा वारा तोच असतो. शाळेचा गट त्या दिवशी तिथे नेऊ नये. मधल्या वारी, कमी मुलं घेऊन, कड्यापासून दूर राहून पाहावं.

जीवशास्त्रासाठी मला वाटेवरच्या झाडांइतकाच मुरबाडचा बाजार आवडतो. पावसाच्या सुरुवातीला तिथे शेवळं विकायला येतात, सुरणाच्या जातकुळीतली रानभाजी. विकणाऱ्या बाया बरोबर काकडं नावाची आंबट फळं देतात आणि बजावतात की ती घातल्याशिवाय भाजी करू नका, घसा खाजेल. खाजेचं कारण म्हणजे वनस्पतीतले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. झाडाने ते का बनवले असतील? कुणी खाऊ नये म्हणून? मग माणसाने ते खायची युक्ती कशी शोधली असेल? ठाकर आणि महादेव कोळी घरांतलं हे ज्ञान मुलांनी त्या बाईंना विचारून लिहून घ्यावं, आणि वहीत शिक्षकाचं नाव लिहितो तसं त्यांचंही नाव लिहावं.

मराठीच्या तासाला ‘माझी अविस्मरणीय सहल’ हा निबंध लिहून घेणं आता पुरे. त्याऐवजी वाटेचं वर्णन असं लिहून मागावं की दुसऱ्या तुकडीला त्याच्या आधारे, कुणाला न विचारता, गुहा सापडली पाहिजे. मग सोंड, धार, घळ, नळी, खिंड, पठार, कातळ यांतला नेमका शब्द वापरावा लागतो. ‘थोडं पुढे गेल्यावर सुंदर निसर्ग दिसतो’ हे वाक्य निरुपयोगी ठरतं आणि मुलं ते आपणहून खोडतात.

तयारी नसेल तर काय होतं

इस्रायलमधले भूविज्ञान-शिक्षणाचे अभ्यासक नीर ओरियन यांनी शाळांच्या क्षेत्रभेटींचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अनोळखी जागी मुलाचं लक्ष आधी त्या अनोळखीपणाकडे जातं, विषयाकडे उरतं ते कमी. हा अनोळखीपणा तीन प्रकारचा असतो. आपण काय शिकणार आहोत, कुठे जाणार आहोत, आणि दिवस कसा जाणार आहे. तिन्ही गोष्टी आधीच वर्गात ओळखीच्या करून दिल्या तर डोंगरात शिकायला जागा मोकळी होते.

पहिल्या दोन गोष्टी शिक्षक करतात. तिसरी हमखास राहते. डबा कधी खायचा, किती चालायचं आहे, पाणी कुठे मिळेल, मुलींना शौचाला कुठे जाता येईल, पाळी आली असेल तर काय करायचं, हे आधी स्पष्ट सांगितलं नाही तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि तहानलेल्या मुलीला शिलालेखात रस कसा वाटेल? माझ्या मते ही माहिती भूगोलाच्या तयारीइतकीच महत्त्वाची आहे आणि ती शिक्षिकेने मोकळेपणाने द्यावी.

घराबाहेर शिकवण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं राखायला कुरणात जातात, शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, इतका सरळ विचार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. ते स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी आहेत, पण त्याच भागात शाळेबाहेरच्या भेटींचाही विचार आहे. म्हणजे वेळापत्रकात जागा काढता येते.

प्रत्यक्ष जाताना पंधरा मुलांमागे किमान दोन मोठी माणसं, त्यांतला एक सगळ्यात मागे चालणारा. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याची पूर्ण मजुरी द्यावी. वाट, साप, आग्या मोहोळं आणि झाडं यांची माहिती त्याच्याइतकी कुणाला नसते, आणि मुलांनी त्याला प्रश्न विचारायची सवय लावावी. उग्र वासाची तेलं-अत्तरं नकोत, मोहोळांच्या जवळ आरडाओरडा आणि धूर नको. माणशी किमान दोन लिटर पाणी. शिलालेखावर हात फिरवायचा नाही, खडूने अक्षरं ठळक करायची नाहीत. पहिली फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावी आणि शिक्षकांनी त्याआधी मुलांशिवाय एकदा वाट चालून यावी, कुठे थांबायचं आणि कुठे कुठला प्रश्न विचारायचा हे लिहून.

सह्याद्री जवळ नसेल तर अडत नाही. कोकणात आणि गोव्यात सड्यावरचा जांभा आहे, गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म आहेत, मराठवाड्यात वेरूळ-पितळखोऱ्याचा कातळ आहे. गावाबाहेरच्या साध्या टेकडीवरही तापमापीचा प्रयोग, कोनमापक आणि वेळेची दोरी चालते. टेकडीची चाल पाचशे मीटरची असेल तर एक मीटर म्हणजे १,३२,००० वर्षं होतील आणि शिवराज्याभिषेक अडीच मिलिमीटरवर येईल.

परत आल्यावर पहिल्याच तासाला वह्या उघडायच्या, आठवडाभराने नव्हे. तापमानाचे आकडे फळ्यावर मांडायचे, पाच जणांच्या पाच उंच्यांची सरासरी काढायची, नकाशावरच्या दमाच्या दोन खुणा जुळतात का ते बघायचं. मुलांना जे उमगलं नाही ते प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवून वर्गात टांगायचे, आणि पुढची फेरी त्यांतल्या एका प्रश्नासाठी ठरवायची. तांबडी माती, उलटं पाणी, की गाईंची संख्या राणीने का कोरून ठेवली, निवड मुलांची.